आई-वडिलांचं नाव कागदावर

जालना एमआयडीसीतल्या पोलाद कारखान्यांची फाटकं रात्रीही मिटत नाहीत. भंगाराचे ट्रक आत जातात, सळईने भरलेले ट्रेलर बाहेर पडतात, आणि गाडीचा नंबर, बिल्टी, वजनकाट्याची पावती तपासायला फाटकावर एक माणूस उभा असतो. अनेक ठिकाणी हा माणूस माजी सैनिक असतो. पंधरा-सतरा वर्षं फौजेत काढून तो चाळिशीच्या आतबाहेर घरी परतलेला असतो. पेन्शन चालू असते, पण मुलांची शिक्षणं, घराचा हप्ता आणि म्हाताऱ्या आई-वडिलांची औषधं त्यात भागत नाहीत, म्हणून त्याने ही दुसरी नोकरी धरलेली असते.

समजा, अशा एका फौजीचा गुडघा सेवेत असताना कायमचा दुखावला. त्याला अपंगत्वाची पेन्शन मिळते. घरी सत्तरीतली आई आहे, ती सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून. लष्कर आणि कारखाना अशा दोन यंत्रणांशी या माणसाचं नातं आहे आणि दोन्हीकडे त्याच्या शरीराला झालेल्या इजेची किंमत मोजण्याचे नियम आहेत. त्या मोजणीत आईचा वाटा कुठे येतो, तो कसा मागायचा आणि कशामुळे हातचा जातो, हे या प्रकरणात पाहू.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. आई-वडिलांचा हक्क कायद्याने नाकारलेला नाही. मात्र तो आपोआप मिळत नाही. मुलगा धडधाकट असताना आई-वडिलांचं नाव आणि त्यांचं उत्पन्न योग्य कागदावर आलं असेल, तरच तो हाती लागतो. मुलाला काही झाल्यावर धावपळ सुरू करणाऱ्या घरांना बहुतेकदा वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात.

अपंगत्वाची पेन्शन: मोजली कशी जाते

सैनिकाच्या अपंगत्वाच्या पेन्शनचे दोन भाग असतात. एक सेवेचा आणि दुसरा अपंगत्वाचा. अपंगत्वाचा भाग मिळण्यासाठी दुखापत किंवा आजार लष्करी सेवेमुळे झाला, किंवा सेवेमुळे वाढला, हे ठरावं लागतं. सेवेची मुदत पुरी करून बाहेर पडलेल्या सैनिकाचं अपंगत्व किमान २० टक्के असावं लागतं. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम, आणि त्याहून कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात, असा हिशेब आहे.

आकड्यांत पाहू. शेवटचं वेतन ४०,००० रुपये आणि अपंगत्व २० टक्के असेल, तर अपंगत्वाचा भाग महिन्याला २,४०० रुपये होतो. पण ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के धरायचं, ५० ते ७५ टक्क्यांमधलं ७५ आणि त्यावरचं १००, असा एक नियम १९९६ पासून आहे. तो सुरुवातीला फक्त वैद्यकीय कारणाने सेवेतून काढलेल्यांना लागू होता. १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात तो मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला. त्यामुळे याच फौजीचे २,४०० रुपये ६,००० होतात, आणि त्यावर महागाई सवलत मिळते.

वैद्यकीय मंडळाने ‘आजाराचा सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारला म्हणजे सगळं संपलं, असं अनेक फौजी मानतात आणि गप्प बसतात. सिग्नल कोअरमधल्या धरमवीर सिंह यांना झटक्यांच्या आजारामुळे नऊ वर्षांच्या सेवेनंतर घरी पाठवलं होतं. त्यांच्या खटल्यात २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असंच धरायचं, आणि नंतरचा आजार सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर टाकायची नाही. या निकालाच्या आधारे पहिलं अपील, दुसरं अपील आणि तिथेही दाद न मिळाल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ, अशी वाट खुली असते. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम आले आहेत. त्यांत अपंगत्वाच्या भागाचं नावही बदललं आणि अटीही. त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी नवे नियम वाचूनच अर्ज करावा.

आता आईचा प्रश्न. अमेरिकेत माजी सैनिकाचं अपंगत्व ३० टक्के किंवा अधिक ठरलं आणि आई-वडील त्याच्यावर अवलंबून असल्याचं सिद्ध झालं, की त्याच्या मासिक भरपाईत आई-वडिलांसाठी वेगळी रक्कम वाढते. भारतात अशी वाढ नाही. इथे अपंगत्वाचा भाग सैनिकाच्या देहाशी बांधलेला आहे. घरात खाणारी तोंडं दोन असोत की सहा, रक्कम तेवढीच. आणि सैनिक वारला की तो भागही थांबतो. आपल्याकडे आई-वडील या व्यवस्थेत शिरतात ते दोन वेगळ्या वाटांनी. मुलगा हयात असताना उपचारांच्या वाटेने आणि तो गेल्यावर कुटुंब पेन्शनच्या वाटेने.

उपचार आणि ९,००० रुपयांची रेघ

१ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना सुरू आहे. पेन्शनर माजी सैनिक, त्याची पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील यांना पॉलिक्लिनिकमध्ये आणि तिथून पाठवल्यास मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार मिळतात. आई-वडिलांसाठी अट अशी, की दोघांचं सर्व मार्गांचं मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी हवं. जुलै २०२५ चा महागाई भत्ता ५८ टक्के होता. त्या दराने ही मर्यादा १४,२२० रुपये होते. भत्ता वाढतो तशी मर्यादाही सरकते. हे ठाऊक नसल्यामुळे नुसते ९,००० धरून ‘आपण बसत नाही’ असं समजून अर्जच न करणारी घरं आहेत.

अडचण सुरू होते ती उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. सेतू केंद्रात अर्ज होतो, तलाठ्याचा चौकशी अहवाल जातो आणि तहसीलदारांच्या सहीने दाखला येतो. पण हा दाखला सहसा संपूर्ण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचा असतो. त्यात मुलाची पेन्शन आणि कारखान्यातला पगार मोजला गेला, तर आई कागदावर तीन-चार लाख रुपये उत्पन्नाच्या घरातली ठरते. योजनेला तर फक्त आई-वडिलांचं स्वतःचं उत्पन्न पाहायचं असतं. म्हणून अर्ज करतानाच ‘दाखला आईच्या नावाने, तिच्या स्वतःच्या उत्पन्नाचा’ असं स्पष्ट लिहावं, आणि सोबत तिचा सातबारा, बँक पासबुक व स्वयंघोषणापत्र जोडावं.

सातबाऱ्याचं महत्त्व जालना जिल्ह्यात अधिक आहे. वडिलांच्या पश्चात वारसनोंदीत आईचं नाव लागतं. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या दोन एकरांतून वर्षाला येणारं उत्पन्न मर्यादेच्या खूप खाली असतं. पण अंबड, घनसावंगी, बदनापूरच्या पट्ट्यात त्याच दोन एकरांत मोसंबीची बाग असेल तर चित्र बदलतं. वारसनोंदीत चार भावंडं असताना सगळं उत्पन्न एकट्या आईच्या नावावर दाखवलं जाणार नाही, हेही पाहावं लागतं. तिच्या हिश्शापुरतंच उत्पन्न मोजायला हवं आणि तसं तलाठ्याच्या अहवालात आलं पाहिजे. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये मिळत असतील तर तेही लपवू नयेत. ते धरूनही आई मर्यादेच्या आतच राहते, आणि खरी माहिती दिल्याने पुढे कार्ड रद्द होण्याची भीती उरत नाही.

दुसरी अडचण नावाची आणि वयाची. मुलाच्या डिस्चार्ज बुकात आई ‘रुक्मिणी’ असते, आधारवर ‘रुख्मिणबाई’, आणि मतदार यादीत तिसरंच काहीतरी. जन्माची नोंद नसल्याने आधारवर १ जानेवारी ही तारीख पडलेली असते. कधी त्या तारखेने आई मुलापेक्षा जेमतेम बारा-तेरा वर्षांनी मोठी ठरते, आणि संगणक अर्ज परत पाठवतो. हे दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र, कधी राजपत्रात नावबदल, आणि मग रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज, असा क्रम लागतो. मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान असेल तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशात सागरला. जालन्याहून दोन्ही दूर. म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. अर्ज तपासून, शिफारसपत्र जोडून तो योग्य रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवणं हे तिथलं नेहमीचं काम आहे.

सेवेत असलेल्या जवानाला हे सगळं सोपं आहे. घरातला प्रत्येक बदल, म्हणजे लग्न, जन्म, मृत्यू, आई-वडिलांचं अवलंबित्व, ‘पार्ट टू ऑर्डर’ने त्याच्या सेवापुस्तकात चढतो. रजेवरून परत जाताना आईचं आधार, उत्पन्नाचा दाखला आणि फोटो सोबत न्यावा आणि युनिटच्या कारकुनाकडून पार्ट टू करून घ्यावी. सेवेतली ही एक नोंद पुढची दहा प्रतिज्ञापत्रं वाचवते.

मुलगा गेल्यावर

इथे मृत्यू कसा झाला यावर सगळं ठरतं. साध्या कारणाने मृत्यू झाला तर साधी कुटुंब पेन्शन, शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के आणि किमान ९,००० रुपये. सेवेमुळे मृत्यू झाला तर विशेष कुटुंब पेन्शन, ६० टक्के. युद्धात किंवा दहशतवाद्यांशी लढताना मृत्यू आला तर उदारीकृत कुटुंब पेन्शन, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी पूर्ण रक्कम.

पत्नी किंवा पात्र मूल असेल तर साध्या कुटुंब पेन्शनमध्ये आई-वडिलांचा क्रम लागत नाही. १ जानेवारी १९९८ पासून आई-वडील तिला पात्र झाले, पण पत्नी आणि पात्र मुलं नसतील तरच, आणि मुलाच्या मृत्यूच्या वेळी ते पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून असतील तरच. आधी आईला, तिच्यानंतर वडिलांना. उत्पन्नाची मर्यादा तीच, ९,००० अधिक महागाई भत्ता.

युद्धात वीरमरण आलेल्या अविवाहित जवानाच्या बाबतीत नियम उदार आहे. आई-वडील दोघे असतील तर उदारीकृत पेन्शनच्या ७५ टक्के, एकच असेल तर ६० टक्के, आणि त्यासाठी त्यांचं उत्पन्न पाहिलं जात नाही. बाग आहे, घर आहे, दुसरा मुलगा कमावता आहे, यातलं काहीही त्या हक्काच्या आड येत नाही. त्यामुळे तालुक्याच्या कचेरीत कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला, तरी तो या पेन्शनची अट नाही हे लक्षात ठेवावं.

अपंगत्वाची पेन्शन घेणारा माजी सैनिक घरी वारला तरी एक प्रश्न विचारायलाच हवा. मृत्यू त्याच आजाराने झाला का, ज्यासाठी त्याला अपंगत्व मिळालं होतं? तसं असेल आणि जोडता येत असेल, तर कुटुंबाला विशेष कुटुंब पेन्शनचा दावा करता येतो. म्हणून शेवटच्या आजारपणातले रुग्णालयाचे कागद आणि मृत्यूचं वैद्यकीय कारण लिहिलेलं प्रमाणपत्र जपून ठेवावं. दहाव्याच्या गडबडीत ती फाइल हरवते आणि दावा तिथेच संपतो.

सून आणि सासू-सासरे यांच्यात फाटलं तर? जवानांच्या विशेष कुटुंब पेन्शनच्या नियमांत अशी तरतूद आहे, की पत्नी मृताच्या इतर पात्र अवलंबितांना सांभाळायला तयार नसेल तर पेन्शनची विभागणी करता येते. ती आपोआप होत नाही, रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा लागतो आणि चौकशी होते. हे लिहिताना एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ऐन तारुण्यात विधवा झालेल्या मुलीचा हक्क आई-वडिलांच्या हक्काहून लहान नाही. नियम अपुरे असतात तेव्हा ही दोन दुःखं एकमेकांसमोर उभी केली जातात, आणि दोष मात्र माणसांना दिला जातो.

२०२४ मध्ये कॅप्टन अंशुमान सिंह यांना मरणोत्तर कीर्ती चक्र मिळाल्यावर त्यांच्या आई-वडिलांनी ‘नेक्स्ट ऑफ किन’च्या नियमात बदल करण्याची मागणी केली, तेव्हा हा विषय देशभर चर्चेत आला. त्या चर्चेत तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली. ‘नेक्स्ट ऑफ किन’ म्हणजे आधी कुणाला कळवायचं आणि कुणाला कुटुंबाचा प्रमुख धरायचं याची नोंद. विमा आणि भविष्य निर्वाह निधी जातो तो नॉमिनेशनप्रमाणे. आणि पेन्शन जाते ती पेन्शनच्या नियमांप्रमाणे. यांतली दुसरी गोष्ट जवानाच्या हातात आहे. ग्रुप इन्शुरन्सच्या नॉमिनेशनमध्ये पत्नी आणि आई-वडील यांचे टक्के ठरवून लिहिता येतात. प्रत्येक विवाहित जवानाने हे पत्नीशी बोलून, तिच्या संमतीने करावं. नंतरची कटुता तिथेच टळते.

अग्निवीराचे आई-वडील

२०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. जालना आणि शेजारचा बुलढाणा हे दोन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे येतात. चार वर्षांच्या सेवेत अग्निवीराला लग्न करता येत नाही. याचा अर्थ असा, की त्या चार वर्षांत काही विपरीत घडलं तर मागे राहतात ते बहुतेक वेळा आई-वडीलच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते यांना सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मरण आलं. तेव्हा लष्कराने कुटुंबाला मिळणाऱ्या रकमा जाहीर केल्या. विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, पगारातून कापून सेवानिधीत जमा झालेली रक्कम आणि सरकारचा तेवढाच वाटा, उरलेल्या सेवाकाळाचं वेतन, आणि युद्धहानी कल्याण निधीतून ८ लाख. एकरकमी पैसा लहान नाही. पण दरमहा पेन्शन नाही. अपंगत्व आलेल्या अग्निवीरालाही १००, ७५ किंवा ५० टक्क्यांनुसार ४४, २५ किंवा १५ लाख एकदाच मिळतात. मासिक पेन्शन त्यालाही नाही.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात नियंत्रण रेषेवर अग्निवीर मुरली नाईक यांना वीरमरण आलं. त्यांचं कुटुंब मुंबईत घाटकोपरला राहत होतं. त्यांच्या आईने नियमित जवानाच्या कुटुंबाइतकेच लाभ मिळावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. या आईचं म्हणणं मला न्याय्य वाटतं. एकाच खंदकात, एकाच गोळ्याने दोन जवान पडले, तर एकाच्या आईला जन्मभर दरमहा आधार आणि दुसरीला एकदाच रक्कम, या फरकाचं समर्थन मला सापडत नाही. साठीच्या घरातल्या, बँकेच्या कागदांची सवय नसलेल्या माणसांच्या हातात एकदम आलेले लाखो रुपये घरभेदाने, उसनवारीने आणि फसव्या गुंतवणुकीने किती लवकर विरतात, हे गावोगावी दिसतं. दर महिन्याला येणारी लहान रक्कम म्हाताऱ्या माणसाला अधिक काळ उभं ठेवते.

फाटकाच्या आत

आता फौजीच्या दुसऱ्या नोकरीकडे येऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये जालना एमआयडीसीतल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीत स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार होरपळले. वितळलेल्या लोखंडाजवळ काम करणाऱ्याला हा धोका रोजचाच आहे, आणि फाटकावरचा रखवालदारही मागे येणाऱ्या ट्रेलरपासून सुरक्षित नसतो.

२१,००० रुपयांपर्यंत मासिक मजुरी असलेला कामगार राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतो. तो कंत्राटदारामार्फत असला तरीही. फौजीची पेन्शन या मर्यादेत मोजत नाहीत. कामगाराच्या मजुरीतून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. १५,००० रुपये मजुरीवर कपात साधारण ११३ रुपये. एवढ्या पैशांत कामगाराबरोबर अवलंबून असलेल्या आई-वडिलांवरही उपचार होतात, त्यांचं उत्पन्न महिन्याला ९,००० रुपयांच्या आत असेल तर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने यात एक चांगली भर घातली. कामगार स्त्रीच्या कुटुंबात तिचे अवलंबून असलेले सासू-सासरेही धरले गेले.

पण ईएसआयचा विमा क्रमांक, म्हणजे आयपी नंबर काढताना भरलेल्या कुटुंबाच्या यादीत आई-वडिलांची नावं नसतील तर ई-पहचान कार्डावर ती येत नाहीत, आणि चिकलठाण्याच्या कामगार विमा रुग्णालयात आईला घेऊन गेलेला मुलगा तिथे अडतो. जालन्याच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले हजारो तरुण आहेत. त्यांचे आई-वडील गावी असतात, म्हणून कंत्राटदार नावं टाकतच नाही. गावी राहणाऱ्या आई-वडिलांचीही नावं टाकता येतात, हे या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

अपघातात कायमचं अपंगत्व आलं तर मजुरीच्या ९० टक्के हा पूर्ण दर धरून, कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात जन्मभर रक्कम मिळते. ते प्रमाण वैद्यकीय मंडळ ठरवतं. मृत्यू झाला तर त्याच पूर्ण दराची वाटणी होते. विधवेला तीन पंचमांश, प्रत्येक पात्र मुलाला दोन पंचमांश, आणि बेरीज पूर्ण दराच्या वर गेली तर सगळ्यांचे वाटे त्या प्रमाणात कमी होतात. विधवा आईला कायद्याने पत्नी-मुलांच्याच रांगेत बसवलं आहे, ही मोठी गोष्ट आहे. वडील हयात असतील तर मात्र आई-वडिलांचा क्रम पत्नी-मुलं नसतानाच लागतो, आणि तेव्हा त्यांना पूर्ण दराच्या तीन दशांश मिळतात. दोघे असतील तर तो वाटा दोघांत विभागला जातो. रोजची सरासरी मजुरी ५०० रुपये असेल तर पूर्ण दर ४५० आणि आई-वडिलांचा वाटा रोजचा १३५ रुपये, म्हणजे महिन्याला ४,०५०. कमी आहे, पण जन्मभर आहे.

ईएसआयच्या बाहेरच्या कामगाराला अपघात भरपाईच्या तरतुदी लागू होतात. मृत्यू झाल्यास मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणक. २५ वर्षांच्या कामगाराचा गुणक २१६.९१ आहे. मजुरी १५,००० धरली तर ७,५०० गुणिले २१६.९१, म्हणजे १६,२६,८२५ रुपये. अविवाहित मुलाच्या बाबतीत हा पैसा मागण्याचा हक्क त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा आहे. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात द्यायची नसते, ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. म्हणून अपघातानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन-तीन लाख रोख देऊन ‘आमची काही तक्रार नाही’ अशी स्टॅम्पपेपरवर सही मागितली, तर ती करू नये. केली असली तरी हक्क त्याने संपत नाही. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा आणि अपघात नोंदवहीतली नोंद, पोलीस पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, हजेरीपत्रक किंवा पगार जमा झाल्याचं बँक पासबुक ताबडतोब मिळवावं. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही ईएसआयमध्ये धरला जातो.

भविष्य निर्वाह निधीचं नॉमिनेशन हा शेवटचा कागद. अविवाहित असताना केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द होतं, ते पुन्हा भरावं लागतं. कर्मचारी पेन्शन योजनेत ‘कुटुंब’ म्हणजे पत्नी आणि मुलंच. पत्नी, मुलं आणि नॉमिनी नसतील तेव्हा अवलंबून असलेल्या वडिलांना आणि त्यांच्यानंतर आईला पेन्शन मिळते.

या महिन्यात करायची कामं

वर सांगितलेलं सगळं चार कामांत बसतं. आईचं आणि वडिलांचं नाव व जन्मतारीख आधार, बँक खातं आणि मुलाचं सेवापुस्तक किंवा डिस्चार्ज बुक यांत एकसारखी करून घ्यावी. त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा दाखला काढावा आणि जुना झाला की नवा घ्यावा. सेवेतल्या जवानाने पार्ट टू ऑर्डर, माजी सैनिकाने ईसीएचएस कार्ड आणि लष्करी पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवरची कुटुंबाची माहिती, आणि कामगाराने ई-पहचान कार्ड तपासावं. विमा आणि भविष्य निधीची नॉमिनेशनं लग्नानंतर पुन्हा भरावीत. हे सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवून ती फाइल कुठे आहे हे पत्नी आणि आई दोघींना सांगून ठेवावं.

यांतल्या एकाही कामाला वकील लागत नाही. सरकारकडून मात्र दोन गोष्टी मागायला हव्यात. अग्निवीराच्या आई-वडिलांना दरमहा पेन्शन, आणि आई-वडिलांच्या अवलंबित्वाची एकच नोंद, जी लष्कर, ईएसआय आणि तहसील या तिन्ही ठिकाणी चालेल. ती मिळेपर्यंत जबाबदारी मुलाची आहे. रजेवर आलेल्या, सुट्टीच्या दिवशी घरी असलेल्या मुलाने एक दिवस या कामाला दिला, तर पुढे म्हातारपणी आपण कुणाचे होतो हे सिद्ध करत फिरण्याची वेळ आई-वडिलांवर येणार नाही.